पालकाच्या पानावर प्रकाशाचा मार: हरितलवकांची हानी आणि दुरुस्ती वेगवेगळी कशी मोजावी

निरभ्र आकाशात भर दुपारी पानावर पडणारा, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन इतका असतो. (पुढे प्रत्येक ठिकाणी नुसतं ‘मायक्रोमोल’ म्हटलं आहे.) उन्हात वाढलेलं पालकाचं पान साधारण हजारच्या आसपास तृप्त होतं, म्हणजे त्यापुढचा प्रकाश त्याला वापरता येत नाही; सावलीतलं त्याच्या कितीतरी आधी. उरलेली ऊर्जा पानाला उष्णता म्हणून टाकून द्यावी लागते. ती वेळेत टाकता आली नाही तर ऑक्सिजनची क्रियाशील रूपं तयार होतात आणि हरितलवक मार खातात.

कॉलेजच्या प्रयोगशाळांत हा विषय बहुतेक वेळा एकाच पद्धतीने केला जातो: पान प्रखर दिव्याखाली ठेवायचं, दोन तासांनी हरितद्रव्य मोजायचं किंवा पान रंगवायचं आणि ‘हानी झाली’ असं लिहायचं. यातून फारसं काही कळत नाही. पीएस-२ची, म्हणजे प्रकाशप्रणाली २ची (प्रकाश पकडून पाण्याचं विघटन करणारी हरितलवकातली प्रथिनांची यंत्रणा), हानी मंद उजेडातही सतत चालू असते आणि दुरुस्तीही तिच्या बरोबरीने चालते. आपल्याला दिसते ती दोन्हींची वजाबाकी. म्हणून प्रयोगात दुरुस्ती बंद केलेला एक संच हवाच. तो नसेल तर झाड जास्त मार खातंय की कमी दुरुस्त करतंय, हे सांगताच येत नाही.

आत काय घडतं

पीएस-२च्या केंद्रातलं पी६८० हे हरितद्रव्य प्रकाश मिळाला की इलेक्ट्रॉन सोडतं. तो फिओफायटिनमार्गे क्यूए आणि पुढे क्यूबी या क्विनोनकडे जातो. पुढची वाट तुंबली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडला किंवा थंडीने विकरं मंदावली, की क्यूए भरलेलाच राहतो. मग इलेक्ट्रॉन मागे फिरून पी६८०ची त्रिक (ट्रिप्लेट) अवस्था, म्हणजे जास्त वेळ टिकणारी उत्तेजित अवस्था, तयार होते. तिची गाठ साध्या ऑक्सिजनशी पडली की सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं एक अतिक्रियाशील रूप, निर्माण होतो. त्याचं आयुष्य मायक्रोसेकंदांत मोजायचं, त्यामुळे तो लांब जात नाही. जवळच असलेलं, पीएस-२च्या गाभ्यातलं डी१ प्रथिन त्याच्या तावडीत सापडतं. बीटा-कॅरोटीन आणि पटलातलं टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) त्याला बऱ्याच अंशी शमवतात, पण पूर्ण नाही. शिवाय पाण्याचं विघटन करणारा मँगनीजचा समूह अतिनील आणि निळ्या प्रकाशाने थेट बिघडतो, हा हानीचा दुसरा मार्ग.

पीएस-१च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वाटेवर पुढे असलेल्या प्रकाशप्रणाली १च्या, टोकाला वेगळा प्रकार घडतो. तिथे ऑक्सिजन थेट इलेक्ट्रॉन उचलतो आणि सुपरऑक्साइड होतो. ही अभिक्रिया मेहलर यांनी १९५१ मध्ये दाखवली. सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतं. कोझी आसादा यांनी या साखळीला ‘पाणी-पाणी चक्र’ म्हटलं. मोकळं लोह हाताशी असेल तर त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो आणि त्याला आवरणारं कोणतंही विकर नाही.

प्रयोगाच्या दृष्टीने यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की क्रियाशील ऑक्सिजन नुसती मोडतोड करत नाही, दुरुस्तीही अडवतो. निशियामा, मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियावर हेच दाखवलं: पेरॉक्साइडमुळे हानीचा वेग फारसा बदलला नाही, पण नवीन डी१ तयार होणं मंदावलं. अशी गोष्ट नुसत्या रंगावरून कधीच हाती लागणार नाही.

झाडं

पालक निवडायचं कारण सरळ आहे. पान पातळ असतं, द्रावण लवकर शोषतं आणि महिना-दीड महिन्यात प्रयोगायोग्य होतं. बाजारातली जुडी घेऊ नका. तोडल्यापासून किती तास आणि कुठल्या उन्हात होती, ते कळायला मार्ग नसतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मे मध्ये झाडं मुळातच उष्णतेने त्रासलेली असतात.

अर्ध्या कुंड्या उघड्यावर आणि अर्ध्या ७५ टक्के सावलीच्या शेडनेटखाली ठेवा. माती, खत आणि पाणी दोन्हीकडे एकच. पूर्ण उमललेलं तिसरं किंवा चौथं पान, सूर्य उगवण्याआधी, देठासकट कापा. दोन्हीकडची किमान पाच-पाच वेगवेगळी झाडं हवीत. एकाच पानाच्या दहा चकत्या म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत, आणि हा घोळ अहवालांत इतक्या वेळा दिसतो की आकडे कितीही सुबक असले तरी सांख्यिकी वाया जाते.

दिवा आणि तापमान

५० वॅटचा पांढरा एलईडी फ्लडलाइट चालतो. हॅलोजन टाळा. दिवा आणि पानं यांच्या मध्ये काचेच्या ट्रेमध्ये ४-५ सेंटिमीटर पाणी ठेवा, म्हणजे उष्णता अडेल. अंतर बदलत जा आणि चकत्या ठेवायच्या प्रत्येक जागी क्वांटम सेन्सरने १५०० मायक्रोमोलच्या आसपास वाचन येतंय का ते पाहा. मध्यभागी १५०० आणि कडेला ९००, असा प्रकार एका दिव्याखाली सहज होतो. क्वांटम सेन्सर नसेल तर सूर्यप्रकाशात लक्स मीटरचं वाचन ५४ ने भागलं की मायक्रोमोल मिळतात. एलईडीसाठी हा भाजक चालत नाही, कारण तो दिव्याच्या वर्णपटावर अवलंबून असतो. म्हणून सेन्सर नसलेल्यांनी प्रयोग सरळ दुपारच्या उन्हात करावा, ते अधिक प्रामाणिक ठरतं.

चकत्यांचं तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस राहायला हवं. ३८-४० अंशांच्या वर मँगनीजचा समूह नुसत्या उष्णतेनेही बिघडू लागतो आणि तुम्ही तो प्रकाशाचा परिणाम समजता. शंका असेल तर काही चकत्या काळ्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच दिव्याखाली ठेवा. त्यांचं वाचन उतरलं तर दोष उष्णतेचा.

दुरुस्ती बंद करणं

डी१ प्रथिन हरितलवकाच्या स्वतःच्या रायबोसोमवर बनतं. लिंकोमायसिन हे प्रतिजैविक तेच रायबोसोम अडवतं, पेशीद्रवातले नाही. १ मिलिमोलर द्रावण पुरतं: ५० मिलिलिटर पाण्यात लिंकोमायसिन हायड्रोक्लोराइडचं मोनोहायड्रेट सुमारे २३ मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानातली कॅप्सूल किंवा इंजेक्शन वापरू नका. त्यातले इतर घटक, इंजेक्शनमधलं बेंझिल अल्कोहोल उदाहरणार्थ, पानावर स्वतःचा परिणाम करतात.

देठ पाण्याखाली तिरपा कापा, म्हणजे वाहिन्यांत हवा शिरत नाही, आणि पान द्रावणात उभं करा. १५-२० मायक्रोमोलच्या मंद उजेडात, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर, ३ तास. वारा नसेल तर बाष्पोत्सर्जन मंदावतं आणि द्रावण पानाच्या टोकापर्यंत पोचत नाही. मग टोकाकडच्या आणि देठाकडच्या चकत्या वेगवेगळी उत्तरं देतात. दुसरी पानं तेवढाच वेळ नुसत्या पाण्यात ठेवा.

आता १० मिलिमीटरच्या कॉर्क बोररने मधली जाड शीर टाळून चकत्या पाडा. ओल्या टिपकागदावर वरची बाजू वर करून मांडा. पाण्यावर तरंगवल्या तर खालची पर्णरंध्रं पाण्याने झाकली जातात, कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि तुंबलेल्या इलेक्ट्रॉनांचा भार वाढतो. तरंगवायच्याच असतील तर पाण्यात १० मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट घाला.

संच असे: सावलीचं पान आणि उन्हाचं पान, प्रत्येकी लिंकोमायसिनसह आणि त्याशिवाय, प्रत्येकी प्रखर आणि मंद प्रकाशात. म्हणजे एकूण आठ. मंद प्रकाशातला लिंकोमायसिनचा संच वगळण्याचा मोह होतो, पण वगळू नका. तिथे वाचन उतरलं तर औषध स्वतःच विषारी ठरतंय किंवा चकत्या वाळताहेत, आणि पुढचं सगळं संशयास्पद होतं.

वाचन

फ्लुरोमीटरवर (पानाची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषल्यावर त्यातून परत निघणारी मंद चमक, मोजणारं उपकरण) एफव्ही/एफएम मोजायचं. एफओ म्हणजे अंधारात स्थिरावलेल्या पानाची किमान प्रतिदीप्ती, एफएम म्हणजे तीव्र झोताखालची कमाल, आणि दोघांच्या फरकाला (एफव्ही) एफएमने भागलं की पीएस-२ची कमाल कार्यक्षमता मिळते. निरोगी पानात ती ०.८३ च्या आसपास असते. सुरुवातीलाच ०.७८ च्या खाली असलेली पानं बाजूला काढा.

प्रत्येक वाचनाआधी २० ते ३० मिनिटं अंधार. इथे घाई केली तर सगळा प्रयोग फसतो. जास्त प्रकाशात थायलेकॉइडच्या (हरितलवकातल्या पटलाच्या पिशव्यांच्या) आतला पीएच उतरतो, पीएसबीएस प्रथिन आणि व्हायोलाझँथिन या रंगद्रव्यापासून बनलेलं झिआझँथिन ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर करू लागतात, आणि प्रतिदीप्ती घसरते. हा पानाचा बचाव आहे, हानी नव्हे. पीएचवर चालणारा भाग काही मिनिटांत मोकळा होतो, झिआझँथिनचा भाग जास्त वेळ घेतो. पाच मिनिटांच्या अंधारानंतर घेतलेल्या वाचनात बचाव आणि हानी एकत्र मिसळलेले असतात. खूण म्हणून एफओकडे पाहा: एफओ आणि एफएम दोन्ही उतरले असतील तर बचाव अजून चालू आहे, एफएम उतरून एफओ वाढला असेल तर पीएस-२ची केंद्रं निकामी झाली असण्याची शक्यता जास्त.

०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना वेगवेगळ्या चकत्या काढा. अंधारात मोजलेली चकती पुन्हा दिव्याखाली ठेवू नका. १२० मिनिटांनंतर काही चकत्या २०-३० मायक्रोमोलच्या उजेडात ४ तास ठेवून परत मोजा. पूर्ण अंधारात ठेवून ‘दुरुस्ती होत नाही’ असं लिहिणारे बरेच आहेत. डी१ नव्याने बनायला मंद प्रकाश लागतो.

आकडेमोड

लिंकोमायसिनच्या संचात घसरण घातांकी असते. प्रत्येक वाचनाला सुरुवातीच्या वाचनाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, वेळेसमोर मांडा. सरळ रेषेचा उतार म्हणजे हानीचा वेगांक (चालू केंद्रांचा किती अंश दर मिनिटाला बिघडतो). समजा १२० मिनिटांत मूल्य निम्म्यावर आलं: ०.६९३ ला १२० ने भागून ०.००५८ प्रति मिनिट.

लिंकोमायसिन नसलेल्या संचात मूल्य काही वेळाने एका पातळीवर थांबतं. तिथे हानी आणि दुरुस्ती समान असतात. ती पातळी सुरुवातीच्या ७५ टक्के असेल, तर दुरुस्तीचा वेगांक म्हणजे ०.००५८ गुणिले ०.७५ भागिले ०.२५, म्हणजे ०.०१७४ प्रति मिनिट. (यात एफव्ही/एफएमचं प्रमाण चालू केंद्रांच्या प्रमाणाइतकं धरलं आहे. हा अंदाज असला तरी संचांची तुलना करायला पुरतो.) पातळी अजून उतरतीच असेल तर हे सूत्र लावू नका, प्रकाशाचा वेळ वाढवा.

सावलीच्या आणि उन्हाच्या पानांचे हे दोन वेगांक शेजारी ठेवून पाहणं हा या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग. घसरणीत मोठा फरक दिसतो आणि लोक तो सगळा हानीच्या नावावर टाकतात. वेगांक काढले की उन्हाच्या पानाची जलद दुरुस्ती त्यात किती भर घालते, ते आकड्यात दिसतं. प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली तर हानीचा वेगांक जवळजवळ तिच्या प्रमाणात वाढतो, हेही याच पद्धतीने तपासता येतं.

आणि हरितद्रव्य? दोन तासांत ते जवळपास हलतही नाही. पान पांढरं पडणं ही फार उशिराची अवस्था आहे. ८० टक्के अॅसिटोनमध्ये ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला मोजलेलं हरितद्रव्य ‘बदललं नाही’ म्हणून हानी झाली नाही असा निष्कर्ष काढू नका.

रंग: पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड

डायअमिनोबेंझिडीन, म्हणजे डीएबी, पेरॉक्सिडेज विकराच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून तपकिरी साका बनवतं. त्याचं टेट्राहायड्रोक्लोराइड पाण्यात लगेच विरघळतं. मूळ रूपातलं डीएबी असेल तर ५० मिलिग्रॅम ४५ मिलिलिटर पाण्यात टाकून ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३ करा आणि ढवळत राहा. विरघळल्यावर २५ मायक्रोलिटर ट्वीन-२० आणि २०० मिलिमोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २.५ मिलिलिटर घाला. बाटलीला फॉइल गुंडाळा, त्याच दिवशी वापरा. द्रावण आधीच तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे: नायट्राइल हातमोजे घाला, पूड फ्यूम हूडमध्ये तोला, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.

सुपरऑक्साइडसाठी नायट्रोब्लू टेट्राझोलियम, एनबीटी, ०.१ टक्का, ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.५. निळा फॉर्मझान साका येतो.

क्रम महत्त्वाचा आहे. चकत्या आधी अंधारात द्रावणात बुडवून ५ मिनिटं व्हॅक्यूम द्या, मग हळूहळू हवा सोडा; चकत्या गडद आणि अर्धपारदर्शक दिसल्या म्हणजे द्रावण आत गेलं. त्यानंतर त्या द्रावणातच प्रकाशात ठेवा, एनबीटी अर्धा-एक तास आणि डीएबी दोन तास, आणि तेवढाच वेळ एक जोडसंच अंधारात. आधी प्रकाश आणि मग रंग असं केलं तर पानाने बहुतेक पेरॉक्साइड तोवर संपवलेलं असतं आणि तुम्ही उरलंसुरलं मोजता. नंतर एथेनॉल, अॅसेटिक आम्ल आणि ग्लिसरॉल ३:१:१ प्रमाणात घेऊन ९० ते ९५ अंशांच्या गरम पाण्याच्या पात्रात (वॉटर बाथमध्ये), बंद खोलीत नव्हे तर फ्यूम हूडखाली, १५ मिनिटं हिरवा रंग काढा. जवळपास ज्योत नको. हिरवट झाक राहिली तर मिश्रण बदलून पुन्हा.

चकतीची कड नेहमीच गडद रंगते, कारण ती जखम आहे. कडेचा दीड-दोन मिलिमीटरचा पट्टा आणि मोठ्या शिरा सोडून आतला भागच मोजा. फोटो एकाच प्रकाशात, एकाच एक्स्पोजरवर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढा; इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ८-बिट करून सरासरी करडेपणा घ्या. फोनचा कॅमेरा स्वयंचलित मोडवर ठेवला तर तो प्रत्येक फोटोत उजेड जुळवून घेतो आणि फरक पुसून टाकतो.

डीएबीचा रंग खरोखर पेरॉक्साइडचा आहे हे दाखवायला एका संचात १० मिलिमोलर अॅस्कॉर्बेट मिसळा. तपकिरी रंग बराच कमी व्हायला हवा. एनबीटीसाठी मात्र अॅस्कॉर्बेट नको, ते एनबीटीला थेट क्षपित करतं. तिथे सुपरऑक्साइड शमवणारं टायरॉन वापरा. प्रकाशातल्या हरितलवकांची इलेक्ट्रॉन साखळीसुद्धा एनबीटीला थोडंफार थेट क्षपित करते, म्हणून टायरॉनने जो निळा रंग गेला तेवढाच सुपरऑक्साइडच्या खात्यावर लिहा.

एक मर्यादा अहवालात ठळकपणे लिहायलाच हवी: या दोन्ही रंगांत सिंग्लेट ऑक्सिजन दिसत नाही. डी१ला सगळ्यात जवळून मारणाराच या चित्राबाहेर राहतो. त्यासाठीचे प्रतिदीप्त रंग मिळतात, पण त्यांतला सर्वाधिक वापरला जाणारा सिंग्लेट ऑक्सिजन सेन्सर ग्रीन प्रकाशात स्वतःच थोडा सिंग्लेट ऑक्सिजन बनवतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आणि रंगाशिवायचे, प्रकाशाशिवायचे सगळे संच नसतील तर त्या वाटेला न जाणं बरं. त्यामुळे एफव्ही/एफएम खूप उतरलं आणि डीएबीचा रंग मात्र फिका, असं दिसलं तर प्रयोग चुकला असं समजू नका. तशी जोडी शक्य आहे.

सुपरऑक्साइड मुद्दाम वाढवायला अनेक जुन्या पद्धतींत पॅराक्वॅट हे तणनाशक सांगितलेलं असतं. ते पीएस-१कडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं, म्हणून उन्हात तण झपाट्याने जळतं. माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ते आणू नये. थंडीने तेच काम होतं.

थंडीचा संच

चकत्यांचा ट्रे बर्फाच्या पाण्यावर ठेवून तापमान ८-१० अंशांवर आणा आणि तोच १५०० मायक्रोमोल प्रकाश द्या. कार्बन स्थिरीकरणाची विकरं मंदावतात, डी१ची दुरुस्तीही मंदावते, प्रकाश शोषणं मात्र तेवढंच राहतं. लिंकोमायसिन असलेल्या आणि नसलेल्या संचांतलं अंतर इथे जवळजवळ मिटलं, तर थंडीने दुरुस्तीच थांबवली असा अर्थ घ्या.

पालकाऐवजी काकडीची पानं घेतली तर वेगळाच भाग समोर येतो. ४ अंशांवर, २०० मायक्रोमोलसारख्या मध्यम प्रकाशात काही तास ठेवलेल्या काकडीच्या पानात पीएस-२पेक्षा पीएस-१ आधी बिघडते. जपानमध्ये तेराशिमा आणि सोनोइके यांनी १९९४ मध्ये हे दाखवलं. एफव्ही/एफएम त्यातलं फारच थोडं सांगतं, कारण ते पीएस-२चं माप आहे. पीएस-१साठी तिच्या केंद्रातल्या पी७०० या हरितद्रव्याचं ८२०-८३० नॅनोमीटरवरचं शोषण मोजणारं उपकरण लागतं. ते नसेल तर काकडीवरचा ‘एफव्ही/एफएम चांगलं आहे’ हा निष्कर्ष पूर्ण हरितलवकाला लावू नका. पीएस-२ मंद उजेडात काही तासांत सावरते, पीएस-१ला दिवस लागतात. म्हणून अशा पानांची वाचनं दुसऱ्या आणि चौथ्या दिवशीही घ्या.